क्यूजीआयएसमध्ये लेव्हल्सवरून कंटूर: सॉफ्टवेअर भरवशाचं, त्याची मूळ सेटिंग मात्र नाहीत

शेताच्या, प्लॉटच्या किंवा टेकडीच्या तीन-चारशे लेव्हल्स, म्हणजे मोजलेल्या बिंदूंच्या उंच्या, हातात आहेत, बिंदू वाटेल तसे विखुरलेले आहेत आणि त्यांच्यावरून कंटूर हवेत. शाळेच्या भूगोलात यांना समोच्च रेषा म्हणतात. साइटवर तो शब्द कुणी काढत नाही, म्हणून इथेही कंटूरच म्हणू. हे काम क्यूजीआयएस या मोफत मिळणाऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये कितपत नीट होतं, त्याची ही पारख.

निकाल आधीच सांगतो. काही हजार बिंदूंच्या साइटला क्यूजीआयएस पुरेसं आहे आणि कंटूरची रेषा ते चोख काढतं. पण रेषा काढणं हे यातलं सोपं काम. खरी मेख आहे ती बिंदूंच्या मधल्या जमिनीची, जिथे स्टाफ (उंची मोजायची आकड्यांची पट्टी) टेकलेलाच नाही, तिथली उंची काय धरायची यात. ती धरण्याचे चार-पाच मार्ग या सॉफ्टवेअरमध्ये शेजारीशेजारी मांडून ठेवलेत आणि कुठला जमिनीसाठी आहे, कुठला नाही, हे कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय काही मूळ सेटिंग अशी आहेत की तशीच ठेवून ‘रन’ दाबलं तर हमखास फसगत होते.

आतला हिशेब एकदा हाताने करून बघा, म्हणजे पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप उलगडतात. तीन बिंदू घ्या: अ ची आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची) ६१२.४, ब ची ६१४.१, क ची ६११.७. अ-ब अंतर १० मीटर, ब-क १२ मीटर. ६१३ चा कंटूर अ-ब बाजू कुठे ओलांडेल? अ पासून ब पर्यंत चढ १.७ मीटर. त्यातला ०.६ चढलं की ६१३ आलं, म्हणजे अ पासून ३.५३ मीटरवर. ब-क बाजूवर क पासून मोजा: २.४ पैकी १.३, म्हणजे ६.५ मीटर. हे दोन ठिपके सरळ रेषेने जोडले की त्या त्रिकोणातला ६१३ चा तुकडा तयार. पूर्वी साइटवरच नकाशा काढायच्या प्लेन टेबलवर पेन्सिलीने हेच होत होतं, संगणक तेच हजार त्रिकोणांत करतो.

प्रश्न उरतो तो कोणते तीन बिंदू जोडून त्रिकोण करायचा याचा. त्याचं नेहमीचं उत्तर म्हणजे रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ साली मांडलेली अट: त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळात दुसरा कुठलाही बिंदू येता कामा नये. त्यामुळे त्रिकोण होता होईल तेवढे भरीव राहतात, सुईसारखे लांबट होत नाहीत. अशा त्रिकोणांच्या जाळ्याला टिन म्हणतात.

आता गंमत बघा. आपल्याकडे ब्लॉक लेव्हलिंग करताना लेव्हल्स सर्रास १० बाय १० च्या चौकटीत घेतात. चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात, त्यामुळे डेलोनेची अट दोन्ही कर्णांना पाळता येते आणि सॉफ्टवेअर त्यातला एक कर्ण उचलतं, कुठला ते केवळ योगायोगावर. कोपऱ्यांच्या आरएल फिरत १००.८, १००.२, १००.८, १००.२ अशा असतील, तर कर्ण दोन खोल कोपऱ्यांतून गेला की चौकोनाच्या मध्यावर १००.२ येतं, म्हणजे ओघळ. उंच कोपऱ्यांतून गेला की १००.८, म्हणजे आडवा बांध. त्याच चार लेव्हल्स आणि मध्यावर ६० सेंटिमीटरचा फरक! नकाशावर नाल्याच्या पात्रात माळेतल्या मण्यांसारखी बंद कडी दिसली, की समजावं त्रिकोणांनी नाल्यावर आडवे बांध घातलेत. दोष लेव्हल्सचा नाही. नाला कुठून जातो हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलंच नाही.

फाइल आत घेताना

टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रातून येणाऱ्या सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) बहुधा बिंदू क्रमांक, ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), आरएल आणि कोड असे पाच स्तंभ असतात, आणि कधी नॉर्दिंग आधी येतं. यूटीएममध्ये, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशा पद्धतीत, ओळखायची खूण सोपी आहे: महाराष्ट्रात आणि गोव्यात नॉर्दिंग सात आकडी, ईस्टिंग सहा आकडी. उलटं भरलं तर साइटचा आरसा होतो आणि आकार साधारण चौरस असेल तर ते पटकन लक्षातही येत नाही. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ (सॉफ्टवेअरला द्यायचा त्या पद्धतीचा क्रमांक). पूर्वेला, म्हणजे नागपूर-वर्ध्याकडे, झोन ४४, ईपीएसजी ३२६४४. अक्षांश-रेखांशातच फाइल असेल तर आधी ‘रीप्रोजेक्ट लेयर’ने मीटरमध्ये आणा. अंशातल्या बिंदूंवर इंटरपोलेशन (मधल्या जागांच्या उंचीचा अंदाज) करू नये, कारण आडवी मापं अंशात आणि उंची मीटरमध्ये असली की उताराचा हिशेबच राहत नाही.

पहिल्या बिंदूला ईस्टिंग १०००, नॉर्दिंग १०००, आरएल १०० असं मनाने धरून केलेला लोकल सर्व्हे असेल तरीही ईपीएसजी ३२६४३ देऊन काम चालतं. फक्त साइट मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात जाऊन पडते. तिथे एक बारीक काटा आहे. क्यूजीआयएसचं मोजपट्टीचं साधन पृथ्वीची गोलाई धरून मोजतं आणि झोनच्या कडेच्याही इतक्या बाहेर १०० मीटरची रेषा पंचवीस-तीस सेंटिमीटरने कमी भरते. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये एलिप्सॉइड (पृथ्वीचा हिशेबासाठी धरलेला गुळगुळीत आकार) ‘नन / प्लॅनिमेट्रिक’ ठेवला की हिशेब जमतो.

‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’च्या खिडकीत एक्स आणि वायबरोबर झेड फील्डचीही जागा आहे. तिथे आरएलचा स्तंभ द्या. बहुतेक जण ती रिकामी सोडतात आणि पुढे ब्रेक लाइनच्या (नाला, बांध दाखवणाऱ्या रेषांच्या) वेळी अडतात. आरएलच्या स्तंभात एखाद्या रकान्यात नुसती आडवी रेघ किंवा ‘एनए’ असेल तर अख्खा स्तंभ मजकूर समजला जातो, आणि मग इंटरपोलेशनच्या यादीत आरएल दिसतच नाही. लोकांना सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. बिघडलेला असतो तो एक रकाना.

त्यानंतर कोड बघून चाळणी. विहिरीचा तळ, घराचा ओटा, मोरीचा माथा, झाडाचा बुंधा हे बिंदू सर्व्हेत हवेत, पण जमिनीच्या पृष्ठभागात नकोत. एकाच जागी दोनदा घेतलेले बिंदू ‘डिलीट डुप्लिकेट जॉमेट्रीज’ने काढता येतात, मात्र ते साधन पहिला ठेवतं की बरोबर ठेवतं, हे आपणच बघायचं. आणि आरटीकेच्या (उपग्रहावरून अचूक मोजणाऱ्या यंत्राच्या) लेव्हल्स टोटल स्टेशनच्या लेव्हल्समध्ये मिसळताना डोळ्यांत तेल घाला. उपग्रहावरून येणारी मूळ उंची एलिप्सॉइडवरची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्याकडे जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटी जमिनीखालीही पसरली असं मानलेला पृष्ठभाग, एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे, त्यामुळे कोकणात वाळूवर उभं राहून आरटीके उणे साठ-सत्तर मीटरच्या आसपास उंची दाखवतं. एकट्या आरटीकेवर छोट्या साइटचा कंटूर काढला तर आकार बरोबरच येतो, आकडे तेवढे वेगळे. पण अर्धे बिंदू एका पद्धतीचे आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीचे असले की शेताच्या मधोमध साठ-सत्तर मीटरचा कडा उभा राहतो. तो निदान दिसतो तरी. दोन टीबीएममध्ये (उंची मोजायला धरलेल्या तात्पुरत्या खुणांमध्ये) ३० सेंटिमीटरची चूक असली तर ती दिसतही नाही, उताराचा भाग वाटते.

टिन इंटरपोलेशन: याच वाटेने जावं

प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं ‘टिन इंटरपोलेशन’ हे या परीक्षणातलं मुख्य साधन. ते जमिनीचं रास्टर बनवतं, म्हणजे प्रत्येक चौकोनी पिक्सेलला एकेक उंची दिलेलं चित्र. बिंदूंचा लेयर निवडायचा, ‘यूज झेड-कोऑर्डिनेट’वर खूण करायची, अधिकाच्या चिन्हाने यादीत घालायचा. हे अधिकाचं चिन्ह न दाबता पुढे जाणारे पुष्कळ, मग ‘इनपुट नाही’ म्हणून ओरड. यादीत लेयरपुढे ‘टाइप’ असा रकाना आहे: पॉइंट्स, स्ट्रक्चर लाइन्स, ब्रेक लाइन्स. या साधनातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती एवढीशी करून एका कोपऱ्यात ठेवली आहे.

ब्रेक लाइन म्हणजे त्रिकोणाच्या कुठल्याही बाजूने ओलांडू नये अशी रेषा: नाल्याचा तळ, नाल्याचे दोन्ही काठ, शेतबांधाचा माथा आणि पायथा, रस्त्याची कड. ती बनवायची अशी. सर्व्हे करतानाच नाल्याच्या तळातल्या बिंदूंना एकच कोड द्या, समजा ‘ना१’, आणि ते वाहत्या दिशेने क्रमाने घ्या. क्यूजीआयएसमध्ये ‘पॉइंट्स टू पाथ’ चालवा, गटासाठी कोडचा स्तंभ, क्रमासाठी बिंदू क्रमांक. बिंदूंना झेड असेल तर रेषेलाही झेड मिळतो. मग ती रेषा टिनच्या यादीत ब्रेक लाइन म्हणून, पुन्हा ‘यूज झेड-कोऑर्डिनेट’वर खूण करून.

नेहमीची चूक अशी: सॅटेलाइट चित्रावर नाला हाताने रेखाटतात आणि त्याला एक आरएलचा स्तंभ जोडतात. सपाट रेषेला एकच आरएल म्हणजे अख्खा नाला एका उंचीवर, वरच्या टोकाला खोल खंदक आणि खालच्या टोकाला भराव. नाल्याला उतार असतो, म्हणून प्रत्येक वळणबिंदूला स्वतःचा झेड लागतो. दोन ब्रेक लाइन एकमेकींना छेदत असतील तर छेदाच्या जागी दोघींचा एकच सामायिक बिंदू ठेवा. एकाच ठिकाणी दोन उंच्या सांगितल्या तर त्रिकोणांचं जाळं तिथे गुंततं.

‘इंटरपोलेशन मेथड’मध्ये लिनियर आणि क्लाऊ-टॉशर असे दोन पर्याय. लिनियर म्हणजे वर हाताने केलेला हिशेब: कंटूर कोनदार दिसतात, पण बिंदूंच्या उंचीबाहेर काही जात नाही. क्लाऊ-टॉशर त्रिकोणांवर त्रिघाती समीकरणाचा वक्र पृष्ठभाग बसवतं, रेषा गुळगुळीत येतात, आणि बिंदू दाट व सारखे असतील तर छानच दिसतात. कडेला लांबट त्रिकोण असले की मात्र हाच पर्याय नसलेले खड्डे आणि उंचवटे उभे करतो. मातीकामाचा घनफळ हिशेब असेल तर लिनियर. बिल त्यावर निघणार असेल तर नक्कीच लिनियर.

आता तो सापळा. ‘पिक्सेल साइझ’ची मूळ किंमत ०.१ असते. मीटरमधल्या प्रोजेक्टमध्ये म्हणजे १० सेंटिमीटर. ४०० बाय ५०० मीटरच्या, म्हणजे २० हेक्टरच्या साइटला २ कोटी पिक्सेल. लॅपटॉप घोंघावत बसतो आणि शेवटी जी फाइल मिळते तिच्यात २ मीटरच्या पिक्सेलपेक्षा काडीची जास्त माहिती नसते, कारण लेव्हल्सच १० मीटरवर घेतलेल्या. २ मीटरला तीच साइट ५० हजार पिक्सेलमध्ये बसते. कोणी अंशातच काम करत असेल तर हेच ०.१ सुमारे ११ किलोमीटर होतात आणि अख्खं शेत एका पिक्सेलमध्ये मावतं. ढोबळ नियम: बिंदूंमधल्या नेहमीच्या अंतराचा चौथा ते पाचवा हिस्सा. नाला दोन-तीन मीटर रुंद असेल तर त्याला निदान तीन-चार पिक्सेल मिळतील इतकं बारीक करा, नाहीतर ब्रेक लाइनचे कष्ट वाया.

खाली ‘ट्रायँग्युलेशन’ असा एक ऐच्छिक आउटपुट आहे, तो कायम घ्या. त्रिकोणांच्या बाजू लेव्हल्सच्या वर टाकून एक नजर फिरवली की नाल्यावरचे आडवे कर्ण, कडेचे लांबट त्रिकोण, दोन बांधांमधला बिंदू नसलेला पट्टा, सगळं अर्ध्या मिनिटात दिसतं. ही एक सवय बाकी कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडते.

टिन सगळ्यात बाहेरच्या बिंदूंना दोरी गुंडाळावी तसं पसरतं. प्लॉट एल आकाराचा असेल तर आतल्या खाचेत, म्हणजे शेजाऱ्याच्या न मोजलेल्या जमिनीवरही कंटूर धावतात. ‘क्लिप रास्टर बाय मास्क लेयर’ने हद्दीबाहेरचं कापून टाका. आणि सर्व्हे करतानाच हद्दीच्या बाहेर एक रांग लेव्हल्स घ्या, म्हणजे कडेचे लांबट त्रिकोण हद्दीच्या बाहेर राहतात.

शेवटी ‘रास्टर’ मेनूतलं ‘एक्स्ट्रॅक्शन’, त्यात ‘काँटूर’. हे क्यूजीआयएस आतून वापरतं त्या जीडीएएलचं साधन, जलद आणि पक्कं. इंटरव्हल, म्हणजे दोन कंटूरमधला उंचीचा फरक, मूळ १० असतो, शेताला तो बदलायलाच हवा. उंचीच्या स्तंभाचं नाव ‘एलेव्ह’. पुढे कॅडमध्ये नेणार असाल तर ‘प्रोड्यूस थ्रीडी व्हेक्टर’वर आताच खूण करा.

रास्टर न करताही

कमी लोकांना माहीत असलेली वाट म्हणजे मेश. टूलबॉक्समधलं ‘टिन मेश क्रिएशन’ बिंदू आणि ब्रेक लाइन घेऊन त्रिकोणांचं जाळंच फाइल म्हणून ठेवतं, आणि ‘एक्स्पोर्ट काँटूर्स’ थेट त्या जाळ्यावरून रेषा काढतं. पिक्सेल नाही, त्यामुळे पिक्सेलचा प्रश्नच नाही. हाताने काढलेला ३.५३ मीटरचा ठिपका इथे ३.५३ वरच येतो. क्यूजीआयएस ३.२२ पासून मेश हाताने दुरुस्तही करता येतो, चुकीच्या बाजूने पडलेला कर्ण उलटवता येतो. ब्रेक लाइन घ्यायची राहून गेली आणि दोन-तीनच ठिकाणी नाला अडलाय, तर साइटवर परत जाण्यापेक्षा हे परवडतं. खोट एवढीच की मेशच्या खिडकीत डेटासेट गट म्हणून ‘बेड एलेव्हेशन’ निवडायचं असतं. बेड म्हणजे नदीचा तळ, शेताला हे नाव का, असा प्रश्न पडतो. हे साधन जलशास्त्राच्या वाटेने आलंय, एवढंच त्याचं कारण.

आयडीडब्ल्यू नको

टिनच्या शेजारीच ‘आयडीडब्ल्यू इंटरपोलेशन’ आहे. जवळच्या बिंदूचं वजन जास्त, लांबच्याचं कमी; वजन ठरवताना अंतराचा घात मूळ २. समजायला सोपं, म्हणून शिकवणीच्या व्हिडिओंत लोकप्रिय. पावसाची किंवा प्रदूषणाची मापं असतील तर एक वेळ चालेल. जमिनीला नाही, आणि त्याला कारण आहे. सरासरी कधीही सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर किंवा सगळ्यात लहान आकड्याच्या खाली जात नाही. शिवाय प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभाग क्षणभर सपाट होतो. परिणाम असा की एकसारख्या उतारावरही प्रत्येक लेव्हलभोवती गोल कडी उमटतात, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी. त्यात क्यूजीआयएसचं स्वतःचं आयडीडब्ल्यू प्रत्येक पिक्सेलसाठी सगळेच्या सगळे बिंदू मोजतं, शोधाची त्रिज्या देता येत नाही, म्हणून बिंदू वाढले की ते रांगायला लागतं. नकाशात लेव्हल्सभोवती अशा चकत्या दिसल्या, तर पुढचं न वाचता तो नकाशा बाजूला ठेवावा.

डोंगरी भागात, जिथे बिंदू विरळ आहेत आणि भूरूप गोलसर आहे, तिथे ग्रासचं (क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं) ‘व्ही.सर्फ.आरएसटी’ कामाचं. ताणलेल्या पातळ पत्र्यासारखा पृष्ठभाग ते बिंदूंवर बसवतं. ‘टेन्शन’ मूळ ४०. वाढवलं की पत्र्याचं रबर होतं, बिंदूंच्या मध्ये झोल पडतो आणि प्रत्येक बिंदू तंबूच्या काठीसारखा वर येतो. कमी केलं की पत्रा ताठ होतो आणि कड्याच्या पायथ्याशी नसलेला खड्डा दाखवतो. बिंदू जास्त असले की ते क्षेत्राचे तुकडे पाडून हिशेब करतं. कंटूरमध्ये सरळ उभ्या-आडव्या शिवणी दिसल्या तर ‘एनपीमिन’ (एका तुकड्यासाठी धरायचे किमान बिंदू) वाढवा. सेल साइझ स्वतः द्या. शेतबांध, नाले, रस्ते असलेल्या जमिनीला मात्र हे नको: पत्रा कडा ओळखत नाही, सगळं लोण्यासारखं गोल करून ठेवतो.

गुळगुळीत रेषांचा मोह

ग्राहकाला कोनदार कंटूर आवडत नाहीत हे खरं. मग ‘स्मूद’ हे साधन रेषांवर चालवतात. ते प्रत्येक रेषा एकेकटी घेऊन तिचे कोपरे कापतं, शेजारची रेषा कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. उभ्या उतारावर, जिथे दोन कंटूर मीटरभर अंतरावर आहेत, तिथे ते एकमेकांना छेदतात. छेदणारे कंटूर म्हणजे एकाच जागेला दोन उंच्या. त्यापेक्षा रास्टरच हलकं गुळगुळीत करा. ग्रासचं ‘आर.नेबर्स’, ३ बाय ३ ची सरासरी, एकदाच. मग कंटूर काढा. एका पृष्ठभागावरून निघालेल्या रेषा एकमेकींना छेदूच शकत नाहीत. फक्त नाल्याचा तळ त्यात थोडा वर येतो हे ध्यानात ठेवा. ज्या नकाशावरून काम होणार आहे त्याला कोनदारपणा चालतो, तोंड वाकडं करणाऱ्यांना तसं सांगा.

इंटरव्हल किती, याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही. ०.१ मागितला तर ०.१ ने काढून देतं, बिनदिक्कत. नांगरलेल्या रानात स्टाफ सरीत टेकला की वरंब्यावर, एवढ्यानेच दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो, तिथे दहा सेंटिमीटरचा कंटूर म्हणजे नांगराचा नकाशा. उंचीतली चूक भागिले उतार, तेवढा कंटूर आडवा सरकतो: ५ सेंटिमीटरची चूक १० टक्के उतारावर रेषेला अर्धा मीटर हलवते, १ टक्का उतारावर ५ मीटर. म्हणून सपाट रानातले वेडेवाकडे, बेटं-बेटं झालेले कंटूर ही सॉफ्टवेअरची नाही, इंटरव्हलची चूक. सलग समतल चरांची आखणी याच रेषांवरून करत असाल तर हे महागात पडतं. चर पाच-दहा सेंटिमीटरने जरी कलला, तरी सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं आणि भराव तिथेच फुटतो. चरासाठी संगणकावरचा कंटूर आराखड्यापुरता, खुंट्या ठोकताना पुन्हा लेव्हल लावायची.

तपासणीचा एक मार्ग क्यूजीआयएसमध्ये फार सोपा आहे आणि तरी कुणी वापरत नाही. ‘रँडम एक्स्ट्रॅक्ट’ने दहा टक्के बिंदू बाजूला काढा, उरलेल्यांवर पृष्ठभाग बनवा, मग ‘सँपल रास्टर व्हॅल्यूज’ने बाजूला ठेवलेल्या बिंदूंच्या जागची उंची वाचा आणि फील्ड कॅल्क्युलेटरने खऱ्या आरएलमधून वजा करा. अमेरिकेच्या १९४७ च्या नकाशा मानकात तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के अर्ध्या इंटरव्हलच्या आत हवेत असं आहे, तोच निकष इथेही पुरतो. एक मीटरचा इंटरव्हल असेल तर दहापैकी नऊ बिंदूंचा फरक ५० सेंटिमीटरच्या आत. न बसल्यास इंटरव्हल दुप्पट करा किंवा साइटवर जाऊन बिंदू वाढवा. तिसरा इलाज नाही. एखाद्याच बिंदूचा फरक दीड-दोन मीटर निघाला तर वहीत बघा, बहुतेक वेळा ६ चा ९ किंवा १ चा ७ वाचलेला असतो.

पैशाचं सॉफ्टवेअर कधी?

सर्फर या कंटूरच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिगिंग (बिंदू लांब गेले की त्यांच्यातलं साम्य किती घटतं हे बघून अंदाज बांधणारी पद्धत) मूळ पद्धत म्हणून मिळतं आणि कंटूर नकाशाची सजावट तिथे फार सफाईदार होते. क्यूजीआयएसमध्ये क्रिगिंगसाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं. भूगर्भातले थर, भूजलपातळी अशा कामाला तो फरक मोलाचा. नुसत्या जमिनीच्या कंटूरला नाही, कारण बांध आणि नाले क्रिगिंगलाही आपोआप कळत नाहीत. सिव्हिल थ्रीडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेक लाइन घातली, बिंदू बदलला, कर्ण उलटवला की कंटूर तिथल्या तिथे नवे होतात. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक बदलानंतर टिन, क्लिप, काँटूर ही साखळी पुन्हा चालवावी लागते. मॉडेल डिझायनरमध्ये ती एकदा बांधून ठेवली तर एका बटणावर होते, पण बांधायला पहिला अर्धा दिवस जातो. रोज रस्त्यांचं किंवा लेआउटचं डिझाइन करणाऱ्याने सिव्हिल थ्रीडी घ्यावं. महिन्याला दोन-चार शेतं, एखादा पाझर तलाव, एखादा फार्महाउसचा प्लॉट, अशा कामाला एवढा खर्च कशाला?

कागदावर आणताना दोन-तीन गोष्टी. दर पाचवा कंटूर जाड करायचा, तर ‘रूल-बेस्ड’ सिंबॉलॉजी. अर्ध्या मीटरच्या इंटरव्हलला एलेव्हला १० ने गुणून पूर्णांकात आणा आणि २५ ने भागून बाकी शून्य आली का बघा. दशांश आकड्यांची थेट बाकी काढली तर ०.१ किंवा ०.२ च्या इंटरव्हलला मधलेच कंटूर जाड व्हायचे राहतात, कारण संगणकात ६१२.३ हा आकडा नेमका ६१२.३ नसतो. उंचीचे आकडे फक्त जाड रेषांवर, आणि दोन-अडीच मीटरपेक्षा लहान बंद कडी लांबीवरून गाळून टाका. डीएक्सएफमध्ये, म्हणजे कॅडला चालणाऱ्या फाइलीत, पाठवताना गुणधर्मांचा तक्ता जात नाही, उंची जाते ती फक्त झेडमधून. मघाची थ्रीडीची खूण राहिली असेल तर कॅडवाल्याकडे सगळे कंटूर शून्य उंचीवर उघडतात, आणि त्याचा फोन येतो.